कुमारिकेच्या दोरीवरचा शर्ट

“…म्हणजे आजवर मी जे जपलं, त्याला काही मोलच नाही?”

जसिंताचा आवाज जरा चढलाच.

उर्सुलाबाय खिडकीपाशी बसून उशीच्या जुन्या अभ्र्याला टाके घालत होती. तिने मान वर केली नाही.

“मोलाचं मी कुठे बोलले? मी विचारलं, जड वाटतं का?”

“काय जड वाटतं का?”

“कुमारी राहणं.”

“मुळीच नाही,” जसिंता म्हणाली. “एक दिवससुद्धा नाही.”

“हं…”

एवढंच म्हणून उर्सुलाबायने दोरा दाताने तोडला.

त्या ‘हं’चा जसिंताला राग आला. असले ‘हं’ तिने या घरात बरेच ऐकले होते, आणि एकाचाही अर्थ तिला लागला नव्हता.

जसिंता फरगोज वसईतल्या एका हायस्कुलात शिकवायची. वय तिशीला टेकलेलं. तिला मठात जायचं नव्हतं, सिस्टर व्हायचं नव्हतं. आपल्याच घरात राहायचं, आपली नोकरी करायची, आणि जन्मभर लग्न न करता स्वतःला ख्रिस्ताला वाहायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. ख्रिस्तसभेत ही वाट फार जुनी. मठ निघाले त्याच्याही आधीची. अशा बाईच्या बोटात बिशप स्वतः अंगठी देतात, आणि त्या दिवसापासून ती प्रभूची वधू.

पण बिशपांनी अट घातली. वर्षभर उर्सुलाबायकडे जात जा. ती हो म्हणाली, तर पुढचं बघू.

त्या किनारपट्टीत हे व्रत घेतलेली उर्सुलाबाय ही एकटीच. सत्तरी ओलांडलेली. उभं आयुष्य तिने पोरींना शिवणकाम शिकवण्यात घालवलं. आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे घरीच असायची. केळीच्या वाडीला लागून तिचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं.

आपल्याला पाहून म्हातारी हरखून जाईल, असं जसिंताला वाटलं होतं. वाटायला कारणही होतं. तिच्याविषयी गावात कोणी चकार शब्द वावगा बोलला नव्हता. बसमध्ये पुरुषाशेजारची जागा मोकळी असली, तरी ती उभी राहायची. स्टाफरूममध्ये एखाद्या सरांनी चहा पुढे केला, तर आधी कप टेबलावर ठेवा म्हणायची, मग उचलायची. तिचे वडील पाहुण्यारावळ्यांसमोर छाती फुगवून सांगत, “आमची जसिंता म्हणजे सीलबंद बाटली!”

आणि ही बाई विचारते, जड वाटतं का…

*

संशयाची पहिली पाल चुकचुकली ती एका शनिवारी.

पुढच्या दारी हाका मारून कोणी ओ देईना, म्हणून जसिंता घराला वळसा घालून परसात गेली. दोरीवर कपडे वाळत होते. एक साडी, एक टॉवेल, आणि मधोमध एक पुरुषाचा शर्ट. निळ्या चौकड्यांचा. कॉलर विरलेली, पण बारीक टाक्यांनी नीट शिवलेली.

उर्सुलाबाय केळीखालचा पाचोळा गोळा करत होती.

“बाय, हा कोणाचा?”

“काय कोणाचा?”

“शर्ट.”

“बस्त्यावचा.”

“बस्त्याव कोण?”

“ज्याचा शर्ट आहे, तो.”

यापुढे विचारण्यासारखं काही नव्हतं. पण जसिंताची नजर आता घरभर फिरू लागली. मोरीतल्या फळीवर दाढीचा ब्रश दिसला. त्याच्याशेजारी वस्तरा. कोनाड्यात, पवित्र मरियेच्या मूर्तीच्या खालीच, तंबाखूची डबी. आणि परसदाराला कडी होती, पण ती कधी लावलेली नसायची.

जसिंताच्या घरी दोन दारं, चार कड्या. निजण्याआधी ती चारही हलवून बघायची.

त्या दिवशी परतताना ती फिलसूबायच्या कुंपणाशी थांबली. फिलसूबाय म्हणजे उर्सुलाबायची शेजारीण. ओट्यावर सुकट निवडत बसली होती.

“फिलसूबाय, बस्त्याव कोण हो?”

फिलसूबायचे हात थांबले. तिने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग उर्सुलाबायच्या घराकडे, मग जसिंताकडे.

“तुला सांगितलं नाय तिने?”

“नाही.”

“मग मी कशाला सांगू, गो?” असं म्हणून तिने सगळं सांगितलं.

उर्सुला आणि बस्त्याव यांचं लग्न ठरलं होतं. लग्नाआधी चर्चमध्ये वाचतात तशी दोघांची नावं वाचून झाली होती. मांडवाच्या मेढीही आल्या होत्या. आणि ऐन वेळी उर्सुला नाही म्हणाली. पुढे बस्त्यावने दुसरीशी लग्न केलं. ती बिचारी वारली. आता तो मुलाकडे, रोनाल्डकडे असतो, तीन घरं पलीकडे.

“असतो म्हणजे झोपायला असतो,” फिलसूबाय म्हणाली. “मुलगा-सून सकाळी कामाला गेले, की याची स्वारी काठी टेकत निघाली परसदाराने. दिवसभर तिथे. दार लोटलेलं… आपण काय बोलणार? अंगठी बोटात आहे तिच्या.”

*

जसिंता घरी आली ती गप्प गप्प. आईने खोदून विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. तिला वाटलं, आईलाच तर सांगतेय.

आईने मावशीला सांगितलं. मावशीनेही असंच समजून आणखी कोणाला.

दुसऱ्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, संपल्यावर जसिंता धर्मगुरूंकडे गेली. फादर एलियास वेदीवरची फुलं बदलत होते.

“फादर, मला दुसरं कोणीतरी द्या. तिथे जायला मला बरं वाटत नाही.”

“का?”

तिने कारण सांगितलं. शर्ट, वस्तरा, परसदार, सगळं.

फादरांनी शिळी फुलं बाजूला ठेवली.

“उर्सुलाबायला विचारलंस?”

“असलं कसं विचारायचं, फादर? लाज वाटते.”

“मला सांगताना नाही वाटली?”

जसिंताचे कान तापले.

“जा,” फादर म्हणाले. “जिच्याबद्दल आहे, तिला विचार.”

ती बाहेर पडली. पण मनात आलं, फादरही तिचीच बाजू घेतात. हेही कसलं गौडबंगाल?

*

मग तिने विचारायचं नाही, पकडायचं ठरवलं.

शाळा अर्ध्या दिवसाची होती. भर दुपारी ती केळीच्या वाडीतून आली, चपला हातात घेऊन. परसदार लोटलेलं होतं. आतून पाण्याचा आवाज येत होता… आणि पुरुषाचं हसू.

जसिंताने दार ढकललं.

मोरीत लाकडी स्टुलावर एक म्हातारा बसला होता. कमरेला पंचा. छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मेल्या मासोळीसारखा मांडीवर पडलेला. आणि उर्सुलाबाय त्याच्या उघड्या पाठीला साबण लावत होती. अंगठीच्या हाताने.

जसिंता उंबऱ्यातच थिजली.

“आलीस?” उर्सुलाबायने वळून पाहिलं. ती दचकली नाही, ओशाळली नाही. “बरं झालं. त्याचा तो हात धर जरा. घसरतोय तो.”

जसिंताचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले.

“धर, धर. साबण आहे अंगाला.”

तिने एक पाऊल पुढे टाकलं… आणि तिथेच राहिली.

म्हातारा एका अंगाला कलला. उर्सुलाबायने आपला दुखरा गुडघा मध्ये घातला, पण तोवर त्याचं कोपर दगडावर आपटलं होतं. कातडी सोलली. पाण्यात रक्ताचा एक धागा उतरला.

बस्त्याव हसला. अर्ध्या तोंडाने. जणू चूक त्याचीच होती.

उर्सुलाबायने त्याचं अंग पुसलं. कोपराला हळद लावली. शर्ट घातला, बटणं लावली, पेज भरवली. मग त्याला काठी दिली आणि कुंपणापर्यंत पोचवून आली.

जसिंता पुढच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसून होती.

उर्सुलाबाय आली, पाय पसरून जमिनीवर बसली आणि गुडघे चोळू लागली.

“विचार,” ती म्हणाली.

“तुमचं याच्याशी लग्न ठरलं होतं.”

“हो.”

“मोडलंत का?”

“बोलावणं आलं. प्रभूचं.”

“म्हणजे हा आवडत नव्हता?”

उर्सुलाबाय हसली. तिला असं हसताना जसिंताने कधी पाहिलं नव्हतं.

“न आवडणारं सोडायला बोलावणं कशाला लागतं?”

…

“आणि आता?” जसिंताने विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

“आताही आवडतो.”

“आणि ही अंगठी?”

“ती आहे म्हणून दार उघडं ठेवता येतं.”

जसिंता उठून उभी राहिली. “बाय, लोक काय म्हणतात माहीत आहे?”

“आहे. कोणापासून निघालं तेही माहीत आहे.”

बाहेर केळीची पानं एकमेकांवर घासत होती.

जसिंता पुन्हा खुर्चीच्या कडेवर बसली.

“लग्न मोडलं तेव्हाही लोक म्हणालेच,” उर्सुलाबाय आपल्याशीच बोलावं तशी बोलली. “म्हणाले, पोरीत खोट असेल. कोणी म्हणालं, पोट आलं असेल. आई वर्षभर विहिरीवर गेली नाही… पाणी मीच भरायची.”

जसिंताला ऐकायचं नव्हतं. तिच्या मनात वेगळंच चालू होतं.

“बिशप तुम्हाला माझ्याबद्दल विचारतील. काय सांगणार?”

“नाही म्हणून सांगेन.”

“का?” जसिंताचा तोल गेला. “माझ्यात काय उणं आहे? सांगा ना, काय उणं आहे?”

“काही नाही.”

“मग?”

“…तेच. काहीच उणं नाही, हेच.”

जसिंता निघाली ती पुढचं दार आपटून. म्हातारी सूड उगवते, एवढंच तिच्या डोक्यात होतं. स्वतःचं बिंग फुटलं, म्हणून आता माझ्या वाटेत काटे.

*

आठवडाभरात बोलणं फिरत फिरत रोनाल्डच्या कानी गेलं.

रोनाल्ड तापट. बापाची त्याला अडचण होती, आणि आता लाजही वाटू लागली. तो उर्सुलाबायच्या अंगणात आला आणि चार घरं ऐकतील एवढ्या आवाजात नाही नाही ते बोलला. उर्सुलाबाय दारात उभी राहून ऐकत होती. त्याचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, “त्याला दुपारी पातळ लागतं. भात गिळवत नाही.”

रोनाल्ड थुंकून निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो कामाला जाताना बापाच्या खोलीला बाहेरून कडी घालू लागला.

ही सगळी हकीकत फिलसूबायने जसिंताला रस्त्यात गाठून सांगितली. पहिल्यांदा जसिंताला हायसं वाटलं. सत्य बाहेर आलं, ती मनात म्हणाली.

पण रविवारी मिस्साच्या वेळी तिला एक दृश्य दिसलं. उर्सुलाबाय नेहमीच्या बाकावर येऊन बसली, आणि त्या बाकावरच्या बायका एकेक करून उठल्या. कोणी मेणबत्ती लावायला म्हणून, कोणी मुलाला घ्यायला म्हणून. परत तिथे कोणीच आलं नाही. सबंध बाकावर उर्सुलाबाय एकटी. तिने रोझरीची जपमाळ काढली आणि डोळे मिटले.

जसिंताचं प्रार्थनेत लक्ष लागेना.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती घरी निघाली. रोज ती रोनाल्डच्या घराकडचा रस्ता टाळायची. त्या दिवशी पाय तिकडेच वळले. का, ते तिला सांगता आलं नसतं.

घर बंद होतं. मागच्या खोलीपाशी येताच आतून आवाज आला. बोलणं नव्हे, कण्हणंही नव्हे. कोणीतरी काठीने जमिनीवर टकटक करत होतं. हळूहळू. थांबून. पुन्हा.

जसिंताने इकडेतिकडे पाहिलं. हाक मारण्यासारखं कोणी दिसेना. फिलसूबायचंही दार बंद.

आपल्याला काय करायचंय, ती मनात म्हणाली. रोनाल्ड येईल संध्याकाळी.

टक… टक…

ती चार पावलं पुढे गेली. परत आली. कडी काढली.

वासाने तिला मागे लोटलं. बस्त्याव खाटेखाली पडला होता. कधी पडला होता कोण जाणे. कपडे भिजलेले, अंगाखाली घाण. निळ्या चौकड्यांचा शर्ट ओळखू येत नव्हता. कोपराची जखम चिघळली होती.

त्याने तिच्याकडे पाहिलं. ओढलेल्या तोंडातून कसाबसा शब्द आला.

“उर्सु…ला?”

“नाही,” ती म्हणाली. “मी जसिंता.”

त्याला कळलं की नाही, कोण जाणे. त्याने चांगला हात पुढे केला.

जसिंता बघत राहिली. आयुष्यात तिने बापाखेरीज कोणा पुरुषाचा हात धरला नव्हता. पदर नाकाला लावावा, तर हात मोकळा राहत नव्हता.

तिने पदर खोचला आणि तो हात धरला.

उचलून बसवायलाच तिचा दम निघाला. मग तिने मोरीतून पाणी आणलं. त्याचे कपडे उतरवायची वेळ आली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं, दार उघडं आहे. रस्त्याने पोरं चालली होती. म्हाताऱ्याने ओशाळून मांड्या जवळ घेतल्या होत्या. जसिंता उठली आणि तिने दार आतून लावून घेतलं.

त्याच्या अब्रूचं तेवढंच काय ते उरलं होतं.

तिला जमत नव्हतं. पाणी जास्त ओतलं गेलं, साबण डोळ्यात गेला. तो रागावला नाही. एकदा तर हसला.

ती त्याला धुतलेला लेंगा घालत होती, तेवढ्यात दारावर थाप पडली.

“आत कोण आहे? दार कोणी लावलं?”

रोनाल्डची बायको लीना लवकर घरी आली होती. जसिंताने दार उघडलं. पदर खोचलेला, केस सुटलेले, हात कोपरापर्यंत ओले. मागे खाटेवर सासरा उघडा.

लीना तिच्याकडे बघतच राहिली.

“टीचर? तुम्ही? …दार लावून?”

मागोमाग रोनाल्ड आला. शेजारचे दोघंतिघं जमले. फिलसूबायचं दार आता मात्र उघडलं.

“आधी ती,” रोनाल्ड म्हणाला, “आता तू! माझ्या बापापाशी असं आहे तरी काय?”

“घाण आहे, रोनाल्ड,” जसिंता म्हणाली. “ती काढत होते.”

कोणी हसलं. रोनाल्डचा चेहरा लाल झाला. जसिंताला त्या क्षणी रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. तिने बादली उचलली, पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं आणि चपला घातल्या.

“जखमेला डॉक्टर लागेल,” ती म्हणाली. “उद्या शाळेतून येताना मी घेऊन येते.”

*

ती दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. डॉक्टरने रोनाल्डला दोन शब्द सुनावले असावेत. त्याने मग कडी घालणं सोडलं. त्याला पाझर फुटला असं नव्हे. घरातला वास गेला होता, आणि करणारं माणूस फुकट मिळालं होतं. उर्सुलाबायला मात्र त्याने उंबरा ओलांडू दिला नाही.

गावाला बोलायला नवा विषय मिळाला. म्हातारीने पोरीला चांगलंच तयार केलं, म्हणत. दार लावून काय चालतं, देव जाणे, म्हणत. काहींनी म्हाताऱ्याला सोडलं आणि रोनाल्डचं नाव घेतलं. लीना तिच्याशी बोलेनाशी झाली.

स्टाफरूममध्ये एका सरांनी चहाचा कप टेबलावर न ठेवता थेट तिच्या हातात दिला. बोटाला बोट लावून. आणि बाकीच्यांकडे बघून डोळा घातला.

जसिंताने चहा बेसिनमध्ये ओतला आणि वर्गावर गेली. फळ्यावर लिहिताना खडू दोनदा मोडला.

तिचे वडील पाहुण्यांसमोर आता हवापाण्याचं बोलत. एका रात्री जेवताना त्यांनी ताट सारलं.

“बंद कर ते जाणं.”

“त्याला कोणी नाही, बाबा.”

“लोक काय म्हणतात, कानावर येतं का तुझ्या?”

“येतं.”

“मग?”

जसिंताने त्यांचं सारलेलं ताट उचललं. त्या रविवारपासून वडील तिच्याबरोबर मिस्साला यायचे थांबले. ते पहिल्या मिस्साला जात, ती दुसऱ्या.

तिला त्रास झाला नाही असं नाही. फार झाला. रात्री ती उशीत तोंड खुपसून रडे. आपण काहीच वावगं केलेलं नाही, हे तिला माहीत होतं, आणि ते कोणाला पटवायची सोय नव्हती. कसं पटवणार? संशयाला कुठे पुरावा लागतो, जो खोडून काढता येईल? आणि मग तिला तो सबंध रिकामा बाक आठवायचा.

थंडी पडायला लागली तेव्हा बस्त्याव गेला. जायच्या आदल्या दिवशी त्याला खोकला झाला होता. जसिंताने त्याला पेज भरवली, तोंड पुसलं. त्याने तिचा हात बराच वेळ सोडला नाही, आणि तिनेही ओढून घेतला नाही.

दफनाला उर्सुलाबाय आली. काठी टेकत, सगळ्यांच्या मागून. रोनाल्डने तिच्याकडे पाहिलं, पण काही बोलला नाही. माती टाकायची वेळ आली तशी गर्दी आपोआप बाजूला झाली. वाट दिली म्हणा, की अंग चोरलं म्हणा. तिने मूठभर माती टाकली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने कोणापासून लपवलं नाही.

जसिंता तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

*

बिशपांनी ठरवून दिलेलं वर्ष संपत आलं होतं.

जसिंता उर्सुलाबायकडे गेली तेव्हा ती अंगणात बसून तांदूळ पाखडत होती. जसिंता तिच्यासमोर जमिनीवर बसली.

“बाय, मी तुमचं फार वाईट केलं.”

“केलंस.”

जसिंता थांबली. बाय आणखी काही म्हणेल असं तिला वाटलं. पण सूप चालूच होतं.

“मी बिशपांना जाऊन सांगते,” ती शेवटी म्हणाली. “मला नको म्हणून. तुम्हाला नाही म्हणायची पाळी यायला नको.”

“का नको?”

“कोणत्या तोंडाने उभी राहू वेदीपुढे? सबंध गाव बसलेलं असणार. मी कुमारिका म्हणून पुढे जाणार, आणि लोक तोंडाला पदर लावून हसणार… वडील येणार नाहीत. बिशपांच्याही कानावर गेलं असेल. कोणाचा विश्वास राहिला नाही, बाय. एकाचाही नाही.”

उर्सुलाबायने सुपातला एक खडा उचलून टाकला.

“तू काही केलंस?”

“नाही!”

“हं.”

“पण सांगू कोणाला? आणि का ऐकतील ते?” जसिंता म्हणाली. “नाव गेलं माझं.”

सूप थांबलं.

उर्सुलाबायने तिच्याकडे पाहिलं. निरखून. बाजारात माल पारखावा तसं.

“पुरतं गेलं?”

जसिंताने विचार केला. खरंच विचार केला. वडील आठवले, स्टाफरूम आठवली, लीनाचा चेहरा आठवला.

“पुरतं,” ती म्हणाली.

“बरं झालं,” उर्सुलाबाय म्हणाली. “बिशपांना मी हो सांगेन. आता जे उरलंय, ते वाहा.”